दिवा हुकमाचा की कामाचा?



आजच्या विषयाचं नाव जरा परकं आहे: इंटरॅक्शन डिझाइन. मराठीत आपण त्याला 'परस्परव्यवहाराची रचना' म्हणू. शब्द अवघड वाटला तरी गोष्ट रोजची आहे. माणूस एखाद्या वस्तूशी, यंत्राशी किंवा दुसऱ्या माणसाशी व्यवहार करतो तेव्हा त्या व्यवहाराला एक घडण असते. पुढे काय करायचं हे कधी आपोआप कळतं, आणि कधी अर्धा तास उभं राहूनही कळत नाही. ही घडण कुणीतरी केलेली असते, किंवा कुणीच केलेली नसते आणि ती तशीच पडलेली असते. ती जाणीवपूर्वक करणं म्हणजे हे शास्त्र.

हे शास्त्र जन्माला आलं यंत्रांसाठी. आज आपल्याला ते लावून पाहायचं आहे संस्थांना. तहसील कचेरी, शाळा, पतसंस्था, मच्छीमारांची सहकारी सोसायटी, ग्रामपंचायत, या सगळ्यांना. संस्था ही केवळ पदांची उतरंड नाही, ती रोज घडणाऱ्या हजारो लहान व्यवहारांची गुंफण आहे. आणि हे व्यवहार नीट रचता येतात. एवढंच आजचं म्हणणं आहे. ते कितपत टिकतं, हे तपासू.

आधी थोडा इतिहास. 1982 साली ग्रिड कंपास नावाचा एक घडीचा संगणक बाजारात आला. आजच्या लॅपटॉपचा तो पूर्वज. त्याचं बाह्यरूप घडवलं बिल मॉगरिज या ब्रिटिश डिझायनरने. बिजागरी, कवच, वजन, सगळं त्याने मनापासून केलं. पण यंत्र वापरायला घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की दोन मिनिटांत आपण कवच विसरतो आणि पडद्यावर काय चाललंय त्यातच गुंततो. म्हणजे घडवायची खरी गोष्ट वस्तू नव्हे, वस्तूशी होणारा व्यवहार. मॉगरिज आणि बिल व्हर्प्लँक यांनी 1980च्या दशकाच्या मध्यात या कामाला 'इंटरॅक्शन डिझाइन' हे नाव दिलं.

व्हर्प्लँकने तीन साधे प्रश्न मांडले. माणूस करतो कसं? त्याला जाणवतं कसं? आणि त्याला कळतं कसं? दाराला मूठ आहे की सपाट पट्टी, हा 'करतो कसं'चा भाग. दार उघडलं की नाही हे हाताला, डोळ्यांना लागतं, हा 'जाणवतं कसं'चा भाग. आणि पलीकडे काय आहे, आपण कुठे चाललो आहोत, याचा मनातला नकाशा म्हणजे 'कळतं कसं'. हे तीन प्रश्न लक्षात ठेवा, आज आपल्याला ते पुन्हा पुन्हा लागणार आहेत.

आता एक उदाहरण घेऊ. आपण सफाळ्यात बसलो आहोत. इथून केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. बोईसरच्या पश्चिमेला तारापूर. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथे 1969 पासून चालू आहे. त्यामुळे 'कंट्रोल रूम' हा शब्द या भागाला नवा नाही. नियंत्रणकक्षात माणूस अणुभट्टी डोळ्यांनी पाहत नाही; तो काटे आणि दिवे पाहतो. भट्टीबद्दल त्याला जे काही कळतं ते या दिव्यांमधून कळतं.

28 मार्च 1979. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यातलं थ्री माइल आयलंड नावाचं अणुवीज केंद्र. पहाटे चारच्या सुमाराला तिथे पाणीपुरवठ्यात बिघाड झाला, दाब वाढला आणि दाब सोडणारी एक झडप आपोआप उघडली. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. दाब उतरल्यावर झडप बंद व्हायला हवी होती. तसा हुकूम गेला आणि नियंत्रणकक्षातला दिवा विझला. दिवा विझला म्हणजे झडप बंद झाली, असं कर्मचाऱ्यांनी धरलं. पण त्या दिव्याची तार झडपेच्या स्थितीला जोडलेलीच नव्हती. ती जोडलेली होती झडपेला जाणाऱ्या हुकमाला. हुकूम गेला की दिवा विझणार. झडप मात्र अडकून उघडीच राहिली होती. दोन तासांहून अधिक काळ त्यातून पाणी जात राहिलं आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला.

त्या वेळी कक्षात शेकडो सूचना एकाच वेळी लुकलुकत होत्या. कर्मचाऱ्यांना शिकवलेलं होतं की एका विशिष्ट टाकीत पाणी जास्त होऊ देऊ नका. म्हणून त्यांनी आपत्कालीन पाणीच कमी केलं. अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने त्याच वर्षी अहवाल दिला. त्याचा रोख असा होता की यंत्रं जेवढी नडली त्याहून अधिक नडली ती माणसांची आणि संस्थांची घडण. 1977 साली ओहायोतल्या डेव्हिस-बेसी या केंद्रात जवळजवळ तसाच प्रकार घडून गेला होता. तिथे झडप अशीच अडकली, कर्मचारी असेच फसले, पण वेळीच लक्षात आल्याने निभावलं. तो धडा थ्री माइल आयलंडच्या माणसांपर्यंत पोचलाच नाही. कुणीतरी टिपण लिहिलं, कुणीतरी पुढे पाठवलं, आणि पाठवलं म्हणजे पोचलं असं धरलं गेलं. म्हणजे बघा, संस्थेच्या आतही तसलाच दिवा होता. हुकूम सुटला की विझणारा.

ही गोष्ट इतकी सविस्तर का सांगितली? कारण आपल्या बहुतेक कार्यालयांतले दिवे हुकमाला जोडलेले आहेत, कामाला नाहीत.

आपली कार्यालयीन भाषा ऐका. 'पुढील कार्यवाहीसाठी सादर.' 'संबंधितांना कळविण्यात आले आहे.' 'प्रकरण निकाली काढण्यात आले.' ही तिन्ही वाक्यं हुकूम गेला एवढंच सांगतात. कळवलं, पण कळलं का? निकाली निघालं, पण कसं? दाखला मिळाला म्हणून, की अर्ज नामंजूर झाला म्हणून? दोन्ही नोंदवहीत 'निकाली'च. शिवाय ही वाक्यं कर्तरी नाहीत, कर्मणी आहेत. कुणी कळवलं, कुणी काढलं, हे वाक्यातूनच गळून गेलेलं असतं. आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा विद्यार्थ्यांना म्हणायचो, व्याकरण हे नीतीचं पहिलं दार आहे. कर्ता लपला की जबाबदारी लपते.

आता समजा, सफाळ्याच्या पूर्वेकडच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी आहे. बारावी झाली, पुढे नर्सिंगला जायचंय, अनुसूचित जमातीचा दाखला हवा आहे. ही मुलगी काल्पनिक, पण तिचा रस्ता काल्पनिक नाही. अनुसूचित जमातीसाठी राज्यात मानीव दिनांक आहे 6 सप्टेंबर 1950. म्हणजे त्या काळी तिचं कुटुंब कुठे राहत होतं, त्याची जमात कोणती, हे कागदाने दाखवायचं. पणजोबा शाळेत गेले असतील तर शाळेची नोंद. गेले नसतील तर गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. नाहीतर जमिनीची नोंद. पण जमीनच नसेल तर?

आता तिन्ही प्रश्न लावा. ती करते कसं? एक कागद शाळेतून, एक तलाठ्याकडून, एक तहसीलच्या अभिलेख कक्षातून आणते आणि उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयात देते. हे सगळे कागद कुणाचे आहेत? बहुतेक सरकारचेच. सरकारच्या एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर नेण्याचं काम नागरिक करतो आहे. शिपायाचं काम, तेही बिनपगारी, आणि वर आपला रोज बुडवून. तिला जाणवतं कसं? 'आज साहेब मीटिंगला आहेत', 'नेट नाही', 'एक कागद कमी आहे'. प्रत्येक फेरीला एकच कमी कागद सांगितला जातो; सगळे एकदम सांगितले जात नाहीत. आणि तिला कळतं कसं? कळतच नाही. ही वाट किती लांब आहे, आपण तिच्यावर कुठे उभे आहोत, याचा नकाशा तिच्या हातात नाही. तो एजंटच्या हातात आहे. एजंट नावाची व्यक्ती संस्थेत का उपजते, याचं उत्तर इथे आहे. संस्थेने जो नकाशा द्यायला हवा होता तो एजंट विकतो.

यात मुलीचं एक वर्ष पणाला लागलेलं असतं. प्रवेशाची तारीख कचेरीसाठी थांबत नाही.

इथे टेबलापलीकडच्या माणसावर राग काढणं सोपं आहे. पण डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 सालच्या पुस्तकात रोजच्या वस्तूंबद्दल जे दाखवून दिलं ते इथेही लागू आहे: एकच चूक अनेक माणसं पुन्हा पुन्हा करत असतील, तर दोष माणसांत शोधण्याआधी रचनेत शोधावा. तो लिपिकही त्याच रचनेत सापडलेला आहे. वरून संदेश येतो, 'माहिती तात्काळ सादर करा'. तीच माहिती तीन वेगळ्या तक्त्यांत, तीन वेगळ्या दिवशी. आपल्या शिक्षकमंडळींना विचारा, शिकवण्याबाहेरच्या अशा कामांबद्दल ते किती बोलतात. संस्थेच्या रचनेचे उपभोक्ते दोन असतात, खिडकीच्या बाहेरचा आणि खिडकीच्या आतला. आतल्याला वगळून बाहेरच्याची सोय टिकत नाही.

हे सगळं आपल्याकडे कुणाला सुचलंच नव्हतं, असं नाही बरं का. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी आपल्याच कचेरीची घडी बदलली. कागदपत्रांची छाननी, अभिलेखांची मांडणी, बसण्याची व्यवस्था, आलेल्या माणसाला मिळणारी वागणूक, या सगळ्यांचा एकत्र विचार केला. पुढे 'लखिना पॅटर्न' या नावाने तो प्रयोग राज्यभर गाजला आणि इतर कार्यालयांनी तो उचलावा असे प्रयत्न झाले. इंटरॅक्शन डिझाइन हा शब्द तेव्हा आपल्याकडे कुणी ऐकलेला नव्हता. काम मात्र तेच होतं.

सरकारी कार्यालयांत चालणारी सहा गठ्ठे पद्धतही याच नजरेने पाहू. लिपिकाच्या दप्तराचे सहा भाग करायचे. प्रलंबित प्रकरणं, म्हणजे ज्यांवर मलाच काम करायचं आहे. प्रतीक्षाधीन, म्हणजे मी माझं काम केलं, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहतो आहे. नियतकालिकं, म्हणजे ठरावीक तारखांना पाठवायची विवरणपत्रं. स्थायी आदेशांची संचिका. अभिलेख कक्षात पाठवायची संपलेली प्रकरणं. आणि नष्ट करायचे कागद.

वरवर ही आवराआवर वाटते. पण यात विचार किती आहे बघा. कामाची स्थिती डोळ्यांना दिसते. साहेब टेबलाशी आले तर कुठला गठ्ठा फुगलाय हे विचारावं लागत नाही. आणि सर्वांत मोलाचा फरक आहे प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन यांच्यातला. 'माझ्याकडे अडलंय' आणि 'दुसऱ्याकडे अडलंय' या दोन गोष्टी एकाच ढिगाऱ्यात असतील तर कुणाकडेच काही अडलेलं नसतं. हा फरक दाखवणारा गठ्ठा म्हणजे झडपेला जोडलेला दिवा. नष्ट करण्याचा गठ्ठाही तितकाच महत्त्वाचा. काय विसरायचं हे ज्या संस्थेला ठरवता येत नाही, तिला काय लक्षात ठेवायचं हेही सापडत नाही.

मग असे प्रयोग विरतात का? एक कारण असं दिसतं की गठ्ठे उरतात आणि त्यामागचा प्रश्न उरत नाही. तपासणी आली की गठ्ठे बांधायचे, तपासणी गेली की सोडायचे. बदली झालेल्या अधिकाऱ्याबरोबर हेतूही जातो. रचना ज्यांनी रोज वापरायची त्यांनी ती घडवलेली नसेल, तर ती त्यांच्या दृष्टीने आणखी एक हुकूम ठरते.

दुसरा प्रयत्न कायद्याने झाला. 2015 साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. आपण तो कायदा म्हणून वाचतो. आज रचना म्हणून वाचू. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली. ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला, म्हणजे वाक्याला कर्ता मिळाला. अर्जाला स्वतंत्र क्रमांक, म्हणजे अर्जदाराच्या हातात धागा आला. मुदतीत सेवा मिळाली नाही, किंवा नाकारली गेली, तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि मग आयोग. म्हणजे अडलं तर पुढे कुठे जायचं याचा नकाशा आला. कसूर केली तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. हा फार मोठा बदल आहे, आणि दाखला मागणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असायला हवा.

पण दिवा कुठे जोडलाय हे इथेही पाहावं लागतं. मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्जापासून. मग 'अर्ज परिपूर्ण नाही' हे वाक्य घड्याळ थांबवणारी कळ होऊन बसतं. सगळ्या त्रुटी पहिल्याच दिवशी, एकदाच आणि लेखी सांगायच्या, ही सवय नसेल तर मुदत कागदावर पाळली जाते आणि मुलगी मात्र चौथी फेरी मारते. मोजमापाचा हा धर्मच आहे: जे मोजाल ते सुधारेल, आणि जे मोजत नाही तिथे सगळी अडचण सरकेल. म्हणून दिवस मोजताना फेऱ्याही मोजाव्यात. अर्जदार किती वेळा आला? हा आकडा फारसं कुणी ठेवत नाही. तो ठेवला तर बरंच काही बदलेल.

लहान बदलाचं एक उदाहरण देऊ. 2020 साली सातबारा उताऱ्याचं रूप बदललं. त्यात एखादा फेरफार प्रलंबित असेल तर तसं उताऱ्यावर दिसण्याची सोय झाली. फेरफाराची नोंद तलाठी करतो, हरकतीची मुदत जाते आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. या मधल्या काळात उतारा पूर्वी गप्प असे. जमीन घेणाऱ्याला वाटे, सगळं स्वच्छ आहे. एका ओळीने उतारा खरं बोलायला लागला. चांगल्या रचनेला पुष्कळदा एवढीच एक ओळ लागते, पण ती नेमक्या जागी लागते.

आता सरकारबाहेर येऊ. मुंबईचे डबेवाले सर्वांना माहीत आहेत. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी सुरुवात केली, असं त्यांची परंपरा सांगते. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी त्यांचा अभ्यास केला, परदेशी पाहुणे येऊन गेले. कौतुक पुष्कळ झालं. आपण यंत्रणा पाहू.

डब्याच्या झाकणावर थोडीशी अक्षरं, आकडे आणि रंग असतात. कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, तिथून कुणी न्यायचा, कुठली इमारत, कितवा मजला. सगळा पत्ता नसतोच. ज्या घरून डबा उचलला त्याचा सविस्तर पत्ता तिथे लागत नाही, कारण उचलणाऱ्याला ते घर तोंडपाठ असतं. म्हणजे जे माणसाला माहीत आहे ते लिहायचं नाही, आणि जे पुढच्या माणसाला लागणार आहे तेवढंच लिहायचं. आमच्या मते संस्थेतल्या कुठल्याही फॉर्मसाठी हा सुवर्णनियम आहे. आपल्या फॉर्ममध्ये नेमकं उलट असतं: कचेरीला आधीच माहीत असलेलं सगळं विचारतात आणि लागणारी एक गोष्ट विचारायची राहते.

शिवाय प्रत्येक गटात काही माणसं जास्तीची असतात. कुणी आजारी पडला, कुठे गोंधळ झाला तर हात रिकामे असावेत म्हणून. हिशेबनीस म्हणेल, हा अपव्यय. नाही, हीच त्यांच्या वक्तशीरपणाची किंमत आहे. आणि लोकलचं वेळापत्रक हा त्यांचा साहेब. गाडी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे उशीर लपत नाही. चूक जिथे झाली तिथेच, त्याच मिनिटाला दिसते. याची दुसरी बाजूही बघा. मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या आणि डबेही थांबले. ज्या रुळावर रचना उभी असते तो रूळच निघाला तर रचना कितीही देखणी असो, ती थांबते.

एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. कुणी म्हणेल, 'सर, हे सगळं रंगरंगोटीचं आहे. खरा प्रश्न सत्तेचा आहे. पदं रिक्त आहेत, पैसा नाही, आणि खालच्याला ताटकळत ठेवण्यात वरच्याला मोठेपणा वाटतो. टेबलं हलवून ते कसं बदलणार?' आक्षेपात तथ्य आहे. अन्यायाचा नियम सुटसुटीत खिडकीतून दिला म्हणून न्याय्य होत नाही. रांग नीट लावली म्हणजे रांगेच्या टोकाला काहीतरी मिळेल असं नाही. अर्ज ऑनलाइन केला आणि पाड्यावर नेटवर्क नसलं, तर आपण एजंटचं फक्त दुकान बदललं.

पण सत्ता तरी कुठे राहते? ती हवेत राहत नाही. ती खुर्ची कुणाला आहे आणि उभं कुणी राहायचं यात राहते. कागद कुणाच्या भाषेत आहे, तारीख कोण ठरवतो, 'उद्या या' म्हणण्याचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, यात राहते. सत्तेचा रोजचा पत्ता परस्परव्यवहार हाच आहे. म्हणून रचनेचा प्रश्न सत्तेच्या प्रश्नाला पर्याय नाही. त्याला हात घालण्याची ती एक जागा आहे.

या विचाराची मुळं तत्त्वज्ञानात आहेत. जॉन ड्यूई हा अमेरिकन तत्त्वज्ञ. 1938 साली त्याने अनुभवाची दोन तत्त्वं मांडली: सातत्य आणि परस्परक्रिया. अनुभव माणसाच्या आत नसतो आणि वस्तूतही नसतो. तो दोघांच्या देवाणघेवाणीत घडतो, आणि आजचा अनुभव उद्याच्या अनुभवाला वळण देतो. संस्थेला हे लावा. कचेरीत चार वेळा हाकललेला माणूस पाचव्यांदा फक्त दाखला मागायला येत नाही. तो भीती घेऊन येतो. पुढच्या पिढीला तो सांगतो, तिकडे जाऊ नका. हक्क कागदावर राहतो, आणि माणूस हक्कापासून लांब राहायला शिकतो.

कोलंबिया विद्यापीठात ड्यूईच्या वर्गात बाबासाहेब आंबेडकर बसले होते. 1913 ते 1916 हा त्यांचा तिथला काळ. लोकशाही म्हणजे नुसती राज्य चालवण्याची पद्धत नसून एकमेकांबरोबर जगण्याची रीत आहे, हा विचार गुरुशिष्य दोघांकडे आहे. बाबासाहेबांनी तो जातीच्या प्रश्नाला भिडवला. जात तरी काय करते? कुणी कुणाशी कसा व्यवहार करायचा हेच ठरवते: कोण शिवेल, कोण लांब उभा राहील, पाणी कोण ओतेल. तीही परस्परव्यवहाराची रचनाच होती, अत्यंत काटेकोर आणि अत्यंत क्रूर. म्हणजे वाईट रचना शेकडो वर्षं टिकू शकते. चांगली रचना टिकवायची तर तितकीच चिकाटी हवी.

आपल्या जिल्ह्यातच त्याचं एक उदाहरण आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर जिल्ह्याच्या कामासाठी मोखाडा, जव्हारच्या माणसाला ठाण्याला जावं लागायचं. अंतर कमी झालं. ही भूगोलाची रचना. पण त्याच वर्षी मार्चमध्ये दुसरी एक गोष्ट घडली, तिची चर्चा कमी होते. 1996 सालच्या पेसा कायद्याचे महाराष्ट्राचे नियम लागू झाले. त्यानुसार अनुसूचित क्षेत्रातल्या एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळून त्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मोठ्या गावाच्या सभेत पाड्यावरची बाई शेवटच्या रांगेत गप्प बसते. तीच बाई आपल्या पाड्याच्या सभेत, ओळखीच्या माणसांत, आपल्या बोलीत बोलू शकते. कायद्याने तिला धीट केलं नाही; सभेचा आकार आणि जागा बदलण्याची वाट दिली. वाट दिली म्हणजे लोक पोचले असं नव्हे, हे आता तुम्हाला सांगायला नको. तो दिवा पुन्हा हुकमाचाच. किती पाड्यांची सभा खरोखर भरते आणि तिथे कोण बोलतं, हे जाऊन पाहावं लागेल.

आता तुम्ही विचाराल, आम्ही काय करावं? आपण सगळे कुठल्या ना कुठल्या संस्थेत असतो. तीन कामं सांगून ठेवतो, पैसे लागत नाहीत.

पहिलं, कागदाबरोबर चाला. तुमच्या संस्थेतला एक अर्ज निवडा आणि तो आल्यापासून उत्तर जाईपर्यंत त्याच्या मागे मागे जा. कुठे किती दिवस पडला, किती हातांतून गेला, त्यातल्या किती हातांनी त्यावर खरोखर काही केलं, एवढं टिपा. संचालक मंडळाच्या बैठकीत दिसत नाही ते या एका फेरीत दिसतं.

दुसरं, सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसाला तो व्यवहार करायला सांगा आणि आपण गप्प बसून बघा. मदत करायची नाही. तो जिथे अडखळेल तिथे त्याला समजावू नका, ती जागा दुरुस्त करा. पाटी, फॉर्म, खिडकी, जे असेल ते.

तिसरं, आपल्या नोंदवहीतला प्रत्येक 'दिवा' तपासा. 'कळवले' असं लिहिलं असेल तर शेजारी 'कळल्याची खात्री' असा रकाना घाला. 'निकाली' असेल तर 'मंजूर', 'नामंजूर' आणि 'अर्जदाराच्या हाती पोचले' असे वेगळे करा. बायकांचे बचत गट हे कितीतरी वर्षं करत आले आहेत. सगळ्यांसमोर पैसे मोजायचे, सगळ्यांसमोर वहीत लिहायचे आणि लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. जिला वाचता येत नाही तिलाही हिशेब कानांनी कळतो. व्हर्प्लँकचे तिन्ही प्रश्न त्या सतरंजीवर सुटलेले असतात.

यातून सगळे प्रश्न सुटतील असं आम्ही म्हणत नाही. रिक्त पद भरावंच लागेल, निधी मागावाच लागेल, अन्यायाच्या नियमाशी भांडावंच लागेल. पण भांडताना आपल्याला नेमकं सांगता यायला हवं की काय बदलायचं. 'प्रशासन सुधारा' ही मागणी कुणालाच बांधत नाही. 'सर्व त्रुटी पहिल्या दिवशी लेखी द्या' ही मागणी एका टेबलाला, एका माणसाला, एका तारखेला बांधते.

पुढच्या व्याख्यानात आपण याच धाग्याने 'नियम आणि विवेक' हा विषय घेऊ. सगळं रचून ठेवल्यावर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निर्णयबुद्धीला जागा उरते का, आणि किती उरावी, हा त्यातला प्रश्न. आता तुमच्या शंका येऊ द्या. मागे बसलेल्यांनी आधी विचारावं.